लोडवर खापर फोडून भागणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालाच्या दिवशी संकेतस्थळ कोसळले की ‘एकाच वेळी लोड वाढला’ एवढे सांगून संबंधित संस्था मोकळी होते. पुण्यात अनेक वर्षे सर्व्हर सांभाळलेल्या मला हे पटत नाही. पुष्कळदा बिघाड आधीच शिरलेला असतो, लोड त्याला फक्त उघडा पाडतो.

सर्व्हरच्या मेमरीत एखादा बिट (० किंवा १ असा माहितीचा सर्वांत लहान तुकडा) उलटला तर ईसीसी ही चुका शोधून सुधारणारी सोय तो दुरुस्त करते, पण तो भाग वाचला गेला तरच. रात्री काम कमी असते, मेमरीच्या मोठ्या भागाकडे कोणी फिरकत नाही. उलटलेला बिट तसाच पडून राहतो आणि त्याच्याच शेजारी आणखी एक उलटला की नेहमीच्या ईसीसीला चूक कळते, सुधारता मात्र येत नाही. सकाळी हजारो मुले एकदम निकाल पाहायला येतात, सगळी मेमरी वापरात येते, नेमका तोच भाग वाचला जातो आणि यंत्र थांबते. भरीस भर म्हणजे चुका नोंदवणारे प्रोग्रामही त्याच गर्दीत ताटकळतात, त्यामुळे नंतर लॉग पाहावा तर महत्त्वाच्या नोंदीच गायब!

हे नवे नाही. लोड वाढला की बिघाडही वाढतात, हे स्टॅनफर्डमध्ये अय्यर, बटनर आणि मॅकक्लस्की यांनी १९८२ मध्येच दाखवले होते. गूगलच्या सर्व्हरवरील २००९ च्या अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलमध्ये (मेमरीच्या पट्ट्यांमध्ये) चुका आढळल्या.

उपायही ठाऊक आहेत. मेमरी स्क्रबिंग चालू ठेवले की रिकाम्या वेळात सगळी मेमरी वाचली जाते आणि एकेकटा बिट वेळीच सुधारतो. ‘करेक्टेड एरर’च्या, म्हणजे आपोआप सुधारलेल्या चुकांच्या, नोंदी ‘सुधारली ना, मग झाले’ म्हणून सोडून दिल्या जातात, हे मला सर्वांत घातक वाटते. एकाच मॉड्यूलवर त्या वाढत असतील तर ते गर्दीच्या दिवसाआधीच बदलायला हवे.

१९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवणाऱ्या सी-डॅक या सरकारी संस्थेच्या या शहरात जाणकारांची वानवा नाही. सार्वजनिक सेवा बंद पडल्यास संस्थेने आठवडाभरात तीन गोष्टी जाहीर कराव्यात: पूर्ण लोडची शेवटची चाचणी कधी झाली, स्क्रबिंग चालू होते का आणि आधीच्या महिन्यात किती चुका नोंदल्या गेल्या. आपल्या वार्ताहरांनीही ‘सर्व्हर डाऊन’ची बातमी देताना हे प्रश्न विचारावेत, ही विनंती.

– एक निवृत्त संगणक अभियंता, कोथरूड, पुणे