‘पुढे’ म्हणजे फॉरवर्ड नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या शिक्षणाच्या पानावर वेळेविषयीच्या इंग्रजी वाक्प्रचारांची यादी आली होती. मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं आणि आता हर्णैला घरच्या पडवीत संध्याकाळी गावातल्या मुलामुलींचा वर्ग घेते, म्हणून त्या यादीचं कात्रण काढून वर्गात वाचलं. ‘वन्स इन अ ब्लू मून’, ‘टाइम फ्लाइज’, ‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’. मुलांनी दोन दिवसांत सगळं पाठ केलं. तरी हे पत्र लिहिते आहे, कारण ज्या शब्दांपायी आमच्या मुलांचं खरोखरचं नुकसान होतं, त्यांतला एकही त्या यादीत नव्हता.

माझी एक जुनी विद्यार्थिनी नर्सिंगचा जीएनएम हा अभ्यासक्रम करून परिचारिका झाली. पुण्याच्या एका रुग्णालयात बुधवारी तिची मुलाखत होती. आदल्या शनिवारी तिला इंग्रजीतून निरोप आला की, मुलाखत दोन दिवसांनी ‘ब्रॉट फॉरवर्ड’ झाली आहे. नवी तारीख लिहिलेली नव्हती. तिने फॉरवर्ड म्हणजे पुढे असा अर्थ लावला आणि गुरुवारी रात्रीची एसटी धरून शुक्रवारी सकाळी तिथे हजर झाली. मुलाखती सोमवारीच आटोपल्या होत्या. संध्याकाळी फोनवर मला म्हणाली, “बाई, पुढेच ढकलली होती ना?”

तिचं काय चुकलं? मराठीत तारीख पुढे गेली म्हणजे लांबली. माझे वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे होडी चालवणारे मुख्य खलाशी होते. पुनवेला नि अवसेला बाराच्या सुमाराला भरती, मग रोज ती दोन घटका पुढे जाते, हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. घटका म्हणजे २४ मिनिटं. दोन घटका पुढे म्हणजे ४८ मिनिटं उशिरा. इंग्रजीत तारीख ‘ब्रिंग फॉरवर्ड’ करतात तेव्हा ती आपल्या दिशेला, अलीकडे आणतात. आणि ‘पुश बॅक’ केली की लांबणीवर टाकतात. आपल्या पुढेमागेच्या नेमकं उलट. ‘प्रीपोन’ (तारीख अलीकडे आणणे) हा शब्द आपल्या देशात रुळला तो यामुळेच असणार, असं मला वाटतं. तो आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. पूर्वी मी तो मुलांच्या वहीत लाल शाईने खोडत असे. आता खोडत नाही. त्याने कुणाची मुलाखत चुकत नाही.

दुसरा शब्द ‘पर्यंत’. “शुक्रवारपर्यंत अर्ज द्या” आणि “शुक्रवारपर्यंत दुकान बंद आहे” या दोन्ही वाक्यांत आपल्याला एकच ‘पर्यंत’ पुरतो. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’ आणि दुसऱ्याला ‘टिल फ्रायडे’. परवा वर्गात ११ मुलांना पहिलं वाक्य भाषांतराला दिलं, ९ जणांनी ‘टिल’ लिहिलं. म्हणजे शुक्रवार येईतो अर्ज देतच राहा! तसंच ‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’. यासाठी मात्र आपल्याकडे वेळेवर आणि वेळेत असे दोन नेमके शब्द तयार आहेत. दाभोळची फेरीबोट वेळेवर सुटली आणि आपण ती सुटायच्या आत, वेळेत धक्क्यावर पोचलो, एवढं सांगितलं की मुलं पुन्हा चुकत नाहीत. मुलांच्या तोंडी रोज असलेली मराठी हाताशी घेतली तर अर्धं काम तिथेच होतं. मार्गदर्शिका लिहिणारे ती हाताशी का घेत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

‘आठ दिवसांनी या’ हे आपण रोज म्हणतो. त्याचा अर्थ एक आठवडा, म्हणजे सोमवारचा सोमवार. मुलं त्याचं ‘आफ्टर एट डेज’ करतात आणि ऐकणारा सरळ मंगळवार मोजतो. पंधरवड्याचं तेच: आपण बोलतो पंधरा दिवस, इंग्रजी ‘फोर्टनाइट’ म्हणजे मात्र चौदा रात्री. बँकेची किंवा कॉलेजच्या प्रवेशाची मुदत असेल तर हा एक दिवस महागात पडतो.

वाक्प्रचार शिकवूच नयेत असं माझं म्हणणं नाही. मला ते फार आवडतात. पण नुसता अर्थ समोर लिहून भागत नाही. ‘ॲट दि इलेव्हन्थ अवर’ म्हणजे अगदी शेवटच्या घटकेला. त्याचा अर्थ एका मुलाने परीक्षेत ‘रात्री अकरा वाजता’ असा लिहिला होता. हा वाक्प्रचार बायबलातल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीतला आहे. तिथे तास सूर्योदयापासून मोजायचे, बारा तासांचा दिवस. म्हणून अकरावा तास म्हणजे संध्याकाळचे पाचच्या सुमाराचे. दिवस कलताना कामावर घेतलेल्या गड्यांनाही मालकाने पूर्ण दिवसाची मजुरी दिली, अशी ती गोष्ट. काजूच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आईची मुलं माझ्या वर्गात आहेत, त्यांना ती एकदा सांगितली, पुन्हा सांगावी लागली नाही.

आपल्या यादीत ‘टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन’समोर ‘वेळ आणि लाट कोणासाठी थांबत नाही’ असं छापलं आहे. हे दुरुस्त करावं ही विनंती. टाइड म्हणजे लाट नव्हे, भरती-ओहोटी. शिवाय हा वाक्प्रचार रूढ झाला त्या जुन्या इंग्रजीत टाइड या शब्दाचा अर्थ वेळ, समय असाच होता; समुद्राच्या भरतीला तो नंतर लागला. घाटावरच्या मुलांना हे नुसतं सांगावं लागेल. आमच्या मुलांना मी बंदरावर नेऊन दाखवते: इथे भरती हेच घड्याळ, होड्या लागतात त्या तिच्या वेळेला.

पुढच्या अंकांत नोकरीची पत्रं, परीक्षांच्या सूचना, रेल्वेच्या नि बँकेच्या नोटिसा यांतले वेळेचे शब्द घ्यावेत. रात्री १२.२० च्या गाडीच्या तिकिटावर कोणती तारीख असते, यावर एक अख्खा रविवार दिलात तरी चालेल. तारखेच्या घोळात गाडी चुकलेली दोन कुटुंबं आमच्या एकाच आळीत आहेत.

नोकरीत असताना मी मुलांच्या वेळेविषयीच्या चुका एका वहीत उतरवून ठेवत असे. वाक्य, त्यामागचं मराठी आणि दुरुस्ती, अशी ती २०० पानी वही भरली आहे. आपल्याला उपयोग होणार असेल तर टपालाने पाठवते. काम झालं की परत करावी, कारण वर्गात ती रोज लागते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी