चि. रूथ हिस: मत्तयाचा चौथा अध्याय ग्रीकमधून वाचताना

चि. रूथ,
अनेक आशीर्वाद.

रानात सैतानाने केलेल्या येशूच्या परीक्षेवरचा निबंध तू ‘पेइराझो’ या धातूचा अर्थ शोधण्यापासून सुरू करणार आहेस, असं तुझ्या मेसेजवरून दिसलं. शब्दकोश आधी उघडू नकोस. या उताऱ्यातलं बरंचसं क्रियापदांच्या रूपांत, छोट्या अव्ययांत आणि जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून घेतलेल्या वचनांत आहे. शब्दकोशात डोकं घातलं की ते सगळं नजरेतून निसटतं.

मोठा कागद आडवा धरून तीन रकाने पाड: मत्तय ४:१-११, मार्क १:१२-१३ आणि लूक ४:१-१३. नेस्ले-आलांड या ग्रीक नव्या कराराच्या २८व्या आवृत्तीतला पाठ हाताने उतरवून काढ. छापील प्रत चिकटवू नकोस. हाताने लिहिताना प्रत्यय डोळ्यांखालून जातात, एरवी आपण ओळखीचा धातू दिसला की पुढे सरकतो. मग एका रंगाने क्रियापदं आणि दुसऱ्याने जुन्या करारातली वचनं अधोरेखित कर.

पहिल्याच ओळीत तीन लेखक तीन वाटांनी जातात. मार्क ‘एक्बाल्लेइ’ म्हणतो, आत्मा त्याला रानात घालवतो. क्रियापद वर्तमानकाळी, घटना भूतकाळातली. मत्तयात ‘आनेख्थे’, एओरिस्ट (साधा भूतकाळ) कर्मणी, त्याला वर नेण्यात आलं. लूकमध्ये ‘एगेतो’, इम्परफेक्ट कर्मणी, म्हणजे त्याला रानात नेलं जात होतं, नेणं चालू होतं. मार्कचं क्रियापद भुतं काढण्यासाठीही येतं म्हणून त्यात जबरदस्ती आहेच असं लिहून मोकळी होऊ नकोस. मत्तय ९:३८ मध्ये पिकाचा धनी कामकरी पाठवतो, तिथेही हाच धातू आहे.

मत्तयाच्या त्याच वाक्यात ‘हुपो’ हे अव्यय दोनदा आलंय: आत्म्याकडून नेला गेला, सैतानाकडून परीक्षा व्हावी म्हणून. ‘पेइरास्थेनाइ’ हे हेतू सांगणारं रूप आहे. नेणारा एक, परीक्षा करणारा दुसरा, आणि दोघंही एकाच वाक्यात. आता शब्दकोश काढ. त्यात ‘पारखणे’ आणि ‘मोहात पाडणे’ असे दोन अर्थ दिसतील. सेप्टुआजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, उत्पत्ती २२:१ ला देव अब्राहामाला पारखतो तेव्हा हाच धातू आहे, आणि याकोब १:१३ ला देव कोणाला मोहात पाडत नाही असं म्हटलंय तिथेही हाच. कोण करतोय आणि कशासाठी, यावरून अर्थ ठरतो. धातूतच तो दडलेला असतो असं मानणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

चाळीस दिवसांचं नीट बघ. लूकमध्ये ‘पेइराझोमेनोस’ हे वर्तमान धातुसाधित आहे, म्हणजे परीक्षा त्या दिवसांतही चाललेली. मत्तयात आधी उपास पूर्ण होतो, ‘हुस्तेरोन’ म्हणजे नंतर भूक लागते, आणि मग परीक्षा करणारा जवळ येतो. दोन्हींची भेळ करू नकोस, निबंध मत्तयावर आहे. आणि ‘एपेइनासेन’ एओरिस्ट आहे म्हणून ‘एकदाच आणि कायमची भूक लागली’ असा अर्थ काढू नकोस. इथे फक्त भूक लागली एवढंच.

तिसऱ्या आणि सहाव्या वचनात सैतान ‘एइ’ने सुरुवात करतो, आणि पुढे निश्चयार्थी क्रियापद. मराठीत आपण ‘तू देवाचा पुत्र आहेस तर’ म्हणतो, ‘असशील तर’ नाही. ग्रीकचा रोख साधारण तोच. बोलणारा ती गोष्ट वादापुरती धरून चालतो. काही जण त्यापुढे जाऊन ‘ज्याअर्थी तू पुत्र आहेस’ असं भाषांतर करतात. ते जास्त होतं. ‘एइ’ म्हणजे ‘तर’च, धरून चालणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. मात्र ३:१७ ला आकाशवाणीने ‘हा माझा पुत्र’ म्हटल्याला जेमतेम काही ओळी झाल्यात, हे विसरू नकोस. तो पुत्र आहे का, यापेक्षा पुत्राने पुत्रपण कसं वापरावं हा इथला झगडा आहे. नवव्या वचनात मात्र ‘एआन’ आणि सब्जंक्टिव्ह (शक्यता सांगणारं रूप) येतं: ‘तू पाया पडून मला नमन करशील तर’. तिथे ‘पुत्र’ हा शब्दच नाही, उघड सौदा आहे. हा बदल निबंधात आलाच पाहिजे.

आता वचनं. राल्फ्सने संपादलेलं सेप्टुआजिंट शेजारी उघडं ठेव. येशूची तिन्ही उत्तरं अनुवादातली: ८:३, ६:१६, ६:१३. तिन्हींच्या आधी ‘गेग्राप्ताइ’, परफेक्ट: लिहिलेलं आहे आणि अजून तसंच उभं आहे. सहाव्या वचनात सैतानही हाच शब्द वापरून स्तोत्र ९१ म्हणतो. ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द त्याने कावेबाजपणे गाळले, असं व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकू येतं. त्यावर निबंधाचा डोलारा उभारू नकोस. लूक त्याच स्तोत्रातला ‘तुझं रक्षण करावं’ हा तुकडा ठेवतो, जो मत्तयात नाही. आणि लूकमध्ये येशूच्या तोंडचं ८:३ देखील अर्ध्यावर थांबतं. वचन आखडतं घेणं ही तेव्हाची रीतच होती. खरा जोर सातव्या वचनातल्या ‘पालिन’वर आहे: ‘असंही लिहिलेलं आहे’. येशू शास्त्रासमोर शास्त्र ठेवतो. अनुवाद ६:१६ मस्सा या ठिकाणाची आठवण काढतं, म्हणून निर्गम १७:७ उघडून वाच. ‘परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही’ असं लोक तिथे विचारतात. मंदिरावरून उडी घेऊन देवाला अजमावणं हे त्याच जातीचं. हिब्रूत हे वचन अनेकवचनी आहे, सेप्टुआजिंटमध्ये एकवचनी, आणि मत्तय एकवचनच घेतो. इस्राएलाला दिलेली आज्ञा इथे एकटा पुत्र पाळतो, असं म्हणायला त्यामुळे जागा मिळते. मला हा या उताऱ्यातला सर्वांत सुंदर धागा वाटतो.

अनुवाद ६:१३ ला राल्फ्सच्या पाठात ‘भय धर’ आहे. मत्तयात ‘नमन कर’, म्हणजे सैतानाने मागितलेलाच धातू, आणि ‘केवळ त्याचीच’ हा शब्द जादा.

ग्रीक पाठाखालच्या, हस्तलिखितांतले फरक सांगणाऱ्या तळटिपा टाळू नकोस. १०व्या वचनात पुष्कळ उत्तरकालीन हस्तलिखितांत ‘माझ्या मागे’ हे शब्द आहेत. सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या प्रतींत ते नाहीत. नकलनवीसाच्या कानात १६:२३ मधलं पेत्राला म्हटलेलं वाक्य होतं, तिथून ते आले. लूक ४:४ चा लांब पाठही असाच मत्तयावरून पुरा केलेला.

क्रमाचा प्रश्न परीक्षक विचारतीलच. मत्तयात मंदिर दुसरं आणि डोंगर शेवटी, लूकमध्ये उलट. मत्तय ‘तोते’ (मग) आणि ‘पालिन’ने (पुन्हा) प्रसंग एकापुढे एक जोडतो, लूक ‘काइ’ आणि ‘दे’ या साध्या ‘आणि’सारख्या अव्ययांवर भागवतो. म्हणून घडण्याचा क्रम मत्तयाकडे असावा असं बहुतेकांना वाटतं, मलाही. लूकला शेवट यरुशलेमेत हवा होता.

सगळं झाल्यावर स्वतःचं मराठी भाषांतर कर, आणि मगच छापील मराठी बायबलं उघड. पंडिता रमाबाईंचंही बघ. केडगावला बसून त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून आख्खं बायबल साध्या बायांना कळेल अशा मराठीत आणलं. त्यांनी कुठे वेगळा शब्द घेतला ते समासात लिहून ठेव. पहिला मसुदा झाला की पाठव, ‘एइ’ आणि ‘एआन’चा परिच्छेद मी आधी वाचीन.

तुझे
पप्पा