जमिनीवर मांडलेली कॅलेंडरं

पुणे,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

ती. आई आणि ती. अण्णा यांना सा. न.

रोज रात्री फोन होतो, मग पत्र कशाला, असं आईला वाटेल. पण फोनवर आपलं बोलणं गुडघा, गोळ्या आणि जेवण यापलीकडे जात नाही. मला जे सांगायचंय ते थोडं लांबलचक आहे. अण्णा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

दिवाळीनंतर आम्ही तिघं कळसूबाईला गेलो होतो, ते तुम्हाला माहीत आहे. फोटोही पाठवले होते. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. बारीतून पहाटे चढायला लागलो. शिड्यांवर छोटी माझ्या पुढे होती आणि मी मागून नुसती तिच्या टाचा बघत होते. वर पोचल्यावर देवीला नमस्कार केला, दक्षिणेकडे तोंड करून बसले, तर खाली भंडारदऱ्याचं पाणी.

अण्णा, हे नाव मी बोलायला लागायच्या आधीपासून ऐकतेय. ‘भंडारदरा भरला का?’, ‘भंडारदऱ्यातून सुटलं का?’ आणि चव्वेचाळीस वर्षांत मी ते धरण एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्या लेखी पाणी म्हणजे आपल्या पोटचारीतून पालापाचोळा घेऊन येणारी गढूळ धार. ते येतं कुठून, हे मी भूगोलात पाठ केलं होतं, तेवढंच. १६४६ मीटरवर बसून मी बोटानं सगळी वाट काढली. रतनगडाकडून येणारी प्रवरा, १९१० ला काम सुरू होऊन १९२६ ला पुरं झालेलं धरण, त्यातलं ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी. मग निळवंडे, अकोले, संगमनेर, ओझरचा बंधारा. तिथून डावा कालवा राहात्यावरून श्रीरामपुराकडे, आणि कालव्याच्या शेवटाला, टेलला आपण. शंभराहून जास्त किलोमीटर. वाटेत दर चारीवर कुणीतरी फावडं घेऊन उभा. तुम्ही ‘पाणी कमी दाबानं येतंय’ म्हणायचात, त्या चार शब्दांमागे एवढा मुलूख होता.

आणि नदी आपल्यापाशी संपत नाही. ती टोका गावाशी गोदावरीत जाते, पुढे पैठणचं जायकवाडी धरण. २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडलं, तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हता. मीही तुमच्या बाजूनं इथे सगळ्यांशी भांडले होते. वर बसल्यावर पहिल्यांदा मनात आलं की पैठणच्या पलीकडेही कुणाचं तरी शेत टेलला असेल. तुम्हाला हे पटायचं नाही. तुम्ही चुकलात असंही मी म्हणत नाही, टेलच्या माणसाची रात्र मी घरातून पाहिलेली आहे.

घरी आल्यावर मी आईची जुनी कॅलेंडरं काढली. माळा रिकामा केलात तेव्हा रद्दीत जाऊ नयेत म्हणून मी पोत्यात भरून आणली होती, ती तशीच दिवाणात पडून होती. १९८९ ते २००३. मधली तीन नाहीत, त्यांची आमच्या वह्यांना कव्हरं झाली असणार. मागच्या शनिवारी हॉलमधला टीपॉय बाजूला सारला आणि सगळी पानं वर्षाप्रमाणे फरशीवर मांडली. एका ओळीत एक वर्ष. मग स्टुलावर चढून वरून पाहिलं.

आई, तुझं अक्षर तिथून वाचता येत नाही, नुसते ठिपके दिसतात. दुधाचे रोजचे बारीक. गॅसचे अधूनमधून. आणि निळ्या शाईचे जाड, सलग तीन-चार दिवस, मग कित्येक आठवडे काहीच नाही, मग पुन्हा. ते पाटपाणी, कालव्याचं पाणी आलेले दिवस. स्टुलावरून मला कळलं की आपल्या घरात जे काही झालं ते त्या निळ्या ठिपक्यांच्या मधल्या जागांत झालं. आत्याच्या मुलीचं लग्न, विहिरीचं खोलीकरण, माझ्या डोळ्यांची तपासणी. माझी फी तर दर वर्षी उसाच्या बिलानंतरच्या आठवड्यात आहे. एकदाही आधी नाही. मला त्या काळी वाटायचं, तुम्ही विसरता. बाई वर्गात नाव घ्यायच्या आणि मी घरी येऊन धुसफूस करायचे.

खाली उतरून मी १९९६ चा जानेवारी शोधला. नववीत होते मी. गॅदरिंगला वक्तृत्वाचं बक्षीस होतं आणि स्टेजवर भाषण करायचं होतं. तुम्ही येणार म्हणाला होतात, अण्णा. आला नाहीत. त्या रात्री शेताला पाणी घ्यायची आपली पाळी होती. मी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण जवळजवळ तीस वर्षं मनात ठेवलं. भाषण करताना मी तिसऱ्या रांगेतली रिकामी खुर्ची बघत होते, ती मला अजून दिसते.

त्या तारखेच्या चौकटीत आईनं वर ‘भाषण’ लिहिलंय आणि खाली ‘पाणी’. जागा पुरली नाही म्हणून ‘णी’ रेघेच्या बाहेर गेलीय. दुसऱ्या दिवशीच्या चौकटीत ‘ह्यांना ताप’. तिसऱ्या दिवशीही ताप. चौथ्या दिवशी ‘सुई दिली’.

मला तो ताप आठवत नाही. खुर्ची आठवते, आणि घरात आजारी पडलेला बाप आठवत नाही. थंडीत रात्रभर गुडघाभर पाण्यात उभं राहून तुम्ही दारं धरलीत, वाफ्यावाफ्याला पाणी दिलंत आणि सकाळी मी तुमच्याशी बोलले नाही, एवढंच माझ्या बाजूनं खरं आहे. त्याबद्दल आज पाया पडते.

आता माझं ऐका. या जानेवारीत छोटीचं गॅदरिंग होतं. मी गेले नाही, अमेरिकेच्या टीमबरोबर मीटिंग होती. तिनं काही विचारलं नाही, मीच बोलून गेले, ‘अगं, कामच तसं होतं.’ तुमचं पाणी थांबणारं नव्हतं, अण्णा. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरलाय, पाटकऱ्यानं वेळ दिलीय, ती चुकली की गहू वाळला. माझी मीटिंग दुसऱ्या दिवशी झाली असती. मी कुणाला विचारलंच नाही. तुमची धावपळ बघत वाढले आणि गरज नसताना तीच चालवत राहिले.

मग मोबाइलमधलं माझं तीन वर्षांचं कॅलेंडर प्रिंट करून तुझ्या पानांशेजारी मांडलं, आई. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पट्ट्या, पानभर. त्यात दूध नाही, ताप नाही, पाहुणे नाहीत. उद्या छोटीनं हे मांडून पाहिलं तर तिला त्यात घर सापडायचं नाही.

म्हणून ऑफिसात सांगितलं की मोठी टीम मला नको, आहे ते काम करेन. पगार फारसा वाढणार नाही आणि घराचं कर्ज लवकर फेडायचा बेत होता तो पुढे जाईल. जावयांशी बोलून ठरवलंय, ते राजी आहेत. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मी सांगतेय. कुणी विचारलं, ‘बढती नाकारली म्हणे?’ तर हो म्हणा. काळजी करू नका, आमचं नीट भागतंय.

एक मागणी आहे. या रब्बीला रात्रीचं पाणी भरायला एकटे जाऊ नका. माणूस लावा, त्याची मजुरी मी देईन. चौऱ्याहत्तराव्या वर्षी अंधारात बांधावरून चालायचं काही कारण नाही. सोबतच हवी असेल तर मला बोलवा. आवर्तनाची, म्हणजे कालव्याला पाणी सुटायची, तारीख लागली की कळवा, मी छोटीला घेऊन चार दिवस येते. तिलाही चारीला पाणी आल्याचा आवाज ऐकू दे. कोरड्या पाचटातून येताना ते आधी सळसळतं, मग दिसतं. मला तो आवाज झोपेतही ओळखता यायचा.

आणि आई, एक विचारायचं राहिलं. १९९९ आणि २००० च्या पानांवर काही रविवारांभोवती पेन्सिलचे गोल आहेत, आत काही लिहिलेलं नाही. मी तेव्हा होस्टेलवर होते आणि एसटीडी बूथवरून दुकानात फोन करायचे, ते रविवार असावेत असं मला वाटतं. मला आठवतं त्याप्रमाणे मी दर रविवारी करायचे. पण पानांवर पुष्कळ रविवार कोरे आहेत. आल्यावर ती पानं घेऊन येईन, तू मला सांग.

तुमची,
ताई