गोकुळपेठ बाजारातल्या फळवाल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

मी 'बाबूची आई'. तुम्ही मला याच नावानं ओळखता, आणि मीही तुम्हाला कधी नाव विचारलं नाही. दोन उन्हाळे झाले, नागपूरच्या गोकुळपेठ बाजारात पळसाच्या पानांचे दोने मांडून बसलेल्या तुम्हाला मी शोधत येते. तुमची नात दहावीची परीक्षा देऊन सध्या तुमच्यासोबत येते आहे, तीच हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल. चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही जे दिलंत ते माझ्या एकटीपुरतं ठेवावंसं वाटत नाही.

मागच्या एप्रिलमध्ये बाबूच्या दोन दाढा किडल्या. सात वर्षांचं पोर. दाढा भरून झाल्यावर डॉक्टरांनी बाटलीतली थंड पेयं आणि चॉकलेटं बंद करायला सांगितली. मी लगेच विचारलं, साखरेऐवजी गूळ किंवा मध चालेल ना? ते म्हणाले, दाताच्या लेखी गूळ काय नि मध काय, सगळी साखरच. खजूर तर वरून चिकटून बसतो. एकूण गोडच कमी करा, आणि दिवसभर चघळत ठेवण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच काय ते द्या. पटलं सगळं. पण मे तोंडावर आला होता. शाळेला सुट्ट्या, बाहेर ४५ अंश, दिवसरात्र घरघरणारा कूलर आणि दर तासाला 'आई, काहीतरी थंड दे ना'. पहिले चार दिवस घरात नुसती रडारड होती. मीही एकदा स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पाचव्या दिवशी त्याला घेऊन भाजीला आले. तो रस्ताभर फुगून होता. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि काही न विचारता त्याच्या तळहातावर मूठभर चारं ठेवलीत. काळी, वाटाण्याएवढी. "खाय बाबू. बी थुकू नको, खिशात ठेव." त्यानं एक तोंडात टाकलं, मग दुसरं. पैसे घ्यायला तुम्ही तयार नव्हतात.

त्या बियांचं काय करायचं हेही तुम्हीच त्याला सांगितलंत. घरी येऊन त्यानं त्या धुतल्या, गच्चीवर जुन्या ताटात वाळत घातल्या आणि चार दिवस दुपारी कुणी त्या ताटाला हात लावलेला त्याला चालला नाही. पाचव्या दिवशी मी त्याच्यासमोर वरवंट्यानं एक बी हलकेच फोडली. आतून निघालेला इवलासा दाणा त्यानं चिमटीत धरून उजेडात पाहिला. "आई, ही तर श्रीखंडावरची चारोळी!" सगळ्या बिया फोडून ३७ दाणे निघाले, त्यातले अकरा अख्खे. ते त्यानं आजोबांच्या खिरीवर स्वतः मोजून घातले. बाटलीतल्या पेयाची आठवण त्या दिवशी त्याला आली नाही, मलाही आली नाही.

त्यानंतर आम्ही दर शनिवारी येऊ लागलो. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, त्याला पहिल्यांदा आवडली नाहीत, कारण मी घाईनं अर्धवट पिकलेली निवडली होती आणि त्याची जीभ तुरटपणानं आखडून गेली. पुढच्या खेपेला तुम्ही मऊ, पिवळीजर्द झालेली बाजूला काढून ठेवलीत. आता तो चिकू सोडून टेंभरं मागतो. याच झाडाच्या पानांच्या विड्या होतात, पानतोडीचा हंगाम लागला की जंगलात जायचं म्हणून तुमचं बाजारात येणं होत नाही, हेही तेव्हाच कळलं. रामटेकच्या पलीकडून, भल्या पहाटे निघून तुम्ही येता. आम्ही मात्र साडेनऊला येऊन भाव विचारायचो.

फालशांचा धडा मला महागात पडला असता. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. सकाळी फालसे घेतले आणि संध्याकाळी सरबत करू म्हणून ओट्यावरच ठेवले. संध्याकाळपर्यंत त्यांना पाणी सुटलं, वास आला. पुढच्या शनिवारी मी तक्रार केली नव्हती, नुसतं सांगितलं होतं. तुम्ही दुसरे मोजून दिलेत आणि म्हणालात, "हे थांबत नाई बाई. घरी नेल्या नेल्या धुवा, कुस्करा, मंग बाकीचं काम." सरबत तसंच करते आता. दोन वाट्या फालसे, हातानं कुस्करून, तीन वाट्या पाण्यात गाळून. मी साखरेचा डबा उघडायची सवय सांगितली तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी फ्रीजवर लिहून लावलं आहे: "आधी चाखा नं बाई. मीठ टाकून चाखा. मंग ठरवा गोड लागते का नाई."

काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड पडली की आंबटपणा दबतो आणि फळाची स्वतःची गोडी वर येते. पूर्वी मी एवढ्या सरबताला अर्धी वाटी साखर घालत असे. आता चार खजूर कोमट पाण्यात भिजवून, वाटून घालते. गूळ घालून पाहिला, पण फालशांचा सुंदर जांभळट लाल रंग मातकट होतो. उरलेलं सरबत कुल्फीच्या साच्यात ओतलं, तर चव एकदम आंबट वाटू लागली. मी आणखी दोन खजूर घालणार होते. तुम्ही थांबवलंत: "बरफ केला की गोडी झोपते. जरा भायेर ठेवा, जागी होते." खरंच, साचा दोन मिनिटं बाहेर ठेवला की पुरतं.

आणि मोह. वाळलेल्या मोहफुलांची पुरचुंडी घेऊन मी घरी आले तेव्हा सासऱ्यांचा चेहरा उतरला. मोह म्हणजे दारू, एवढंच त्यांना माहीत; आमच्यासारख्या कितीतरी घरांत तेवढंच माहीत आहे. मनुकांसारखी दिसणारी ही फुलं निम्म्याहून अधिक साखरच असतात आणि जंगलालगतच्या गावांत ती पिढ्यान् पिढ्या भाकरीत, पुरीत घालून खाल्ली जातात, हे तुमच्याकडून ऐकलेलं मी त्यांना सांगितलं. तुम्ही सांगितलं तसं फुलं दोन्ही तळव्यांत चोळून आतले केसर झटकले, ते राहिले तर कडवट लागतं. तासभरच भिजवली, कारण आपल्या उन्हाळ्यात जास्त वेळ ठेवली की ती आंबू लागतात. मग वाटून कणकेत मळली. वेगळं गोड काहीच नाही. पहिली पुरी सासऱ्यांनी अर्धी खाल्ली आणि उरलेली अर्धी बराच वेळ हातात धरून बसले. मग म्हणाले, "माझी आजी करायची असं काहीतरी. मी विसरूनच गेलो होतो." ऐंशीच्या घरातल्या माणसाला त्याची आजी आठवली, मावशी. तुमच्या एका पुरचुंडीनं.

मार्च-एप्रिलमध्ये ती फुलं पहाटे गळतात. खालचा पाचोळा पेटवून जमीन मोकळी करतात आणि त्यातून जंगलात वणवा लागतो, म्हणून तुम्ही पाचोळा झाडून घेता, जुनं लुगडं अंथरता. एवढं वाकून वेचलेलं ते फूल. मी तुमच्याशी भावावरून कधी घासाघीस केली असेन, तर त्याचं मला आज फार वाईट वाटतं.

एक गोष्ट इथं वाचणाऱ्यांसाठी. गुळाचं म्हणून, मोहाचं म्हणून हवं तितकं खावं, असं मावशींनी मला कधी सांगितलेलं नाही. माझ्या वडिलांना मधुमेह आहे. त्यांना यातलं काहीही मी चमचाभर चवीपुरतंच देते. आणि मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. आमच्या घरी बदललं ते एवढंच की आता आधी फळ चाखलं जातं आणि मग कमीत कमी किती गोडात भागेल ते पाहिलं जातं. बाबूची जीभसुद्धा बदलली. परवा एका वाढदिवसाचा केक त्यानं दोन घास खाऊन ठेवून दिला. यंदा एप्रिलमध्ये डॉक्टरांनी दात पाहिले, नवीन कीड नाही.

मागच्या शनिवारी तुमच्याकडून करवंदं आणली. मिठाच्या पाण्यात ठेवून चीक काढला, बिया काढल्या आणि गुळात मुरब्बा केला. लिंबू घातलं नाही. करवंदातच चिकटपणा असतो, आपोआप घट्ट होतो, हे तुमचंच म्हणणं. झाला तसाच, चमच्यावरून सावकाश ओघळणारा. दोन बाटल्या भरल्या, त्यातली एक तुमची. बाबूनं तिच्यावर कागद चिकटवून 'मावशी' असं लिहिलं आहे.

येत्या शनिवारी घेऊन येते. गूळ मी अंदाजानं कमी घातला आहे, पुरला की नाही ते तुम्हीच चाखून सांगा. आणि मृग लागला की जांभळं येतील, तेव्हा आमच्यासाठी दोन दोने बाजूला ठेवा.

तुमची,
बाबूची आई