नोट्स सगळ्यांना वाचता येतात का?

महोदय,

समावेशक शिक्षणावर महाविद्यालयांत परिसंवाद होतात. नोट्स मात्र आजही वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटोच असतात. अशा पीडीएफमध्ये अक्षरे नसतात, नुसते चित्र असते. त्यामुळे अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर (एनव्हीडीए हे त्यातले एक तर मोफत मिळते), तिथे गप्प बसतो. मराठी नोट्सची अडचण निराळी. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर दिसतो मराठी, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला असतो. म्हणून युनिकोडमध्येच, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळेल अशा पद्धतीने, टाइप करावे. शीर्षकांना वर्डमधली ‘हेडिंग’ शैली द्यावी, नुसते ठळक करून भागत नाही. आकृती काय दाखवते ते दोन ओळींत लिहावे. जुन्या फॉन्टमधली फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलली तर रफार आणि जोडाक्षरे तपासावीत. गफलत हमखास तिथेच होते.

परीक्षेत लेखनिक (उत्तरे लिहून देणारा मदतनीस) घेण्यास पात्र असलेल्या दिव्यांग विद्यार्थ्याला ताशी किमान २० मिनिटे जादा द्यावीत, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटे. वर्गातल्या चाचणीत हे सोयीस्करपणे विसरले जाते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना प्रत्येक घटकाआधी पंधरा-वीस पारिभाषिक शब्दांची द्विभाषिक यादी द्यावी, घटक संपल्यावर नव्हे.

आणि ठाण्यातल्या महाविद्यालयांसाठी खास : कसारा लोकल रखडली की सकाळच्या पहिल्या तासाला आरंभीच घेतलेली चाचणी शहापूर-आसनगावच्या मुलांची बुडते. ती तासाच्या शेवटी घ्यावी आणि पाचपैकी उत्तम चार चाचण्यांचेच गुण धरावेत.

– काही प्राध्यापक, ठाणे