माकडहाडाच्या दुखण्याला सरकारी दवाखान्यात वाली हवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी राहते आणि घरीच शिवणकाम करते. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं माकडहाड दुखायला लागलं आणि ते थांबलंच नाही. चालताना, उभं राहताना काही नसायचं. बसले की ठणका सुरू. बसल्या जागेवरून उठताना तर अशी कळ यायची, की मशीनची फळी धरून थोडा वेळ तशीच वाकून राहायची. बाळाला मांडीवर घेऊन पाजणं जमेना म्हणून कुशीवर झोपून पाजलं. शिवणकामावर घर चालवणाऱ्या बाईला बसता येत नसेल, तर तिच्या घराचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सरकारी रुग्णालयात गेले. हाडांच्या विभागात आडवं झोपवून कमरेचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. मग स्त्रीरोग विभाग, मग मूळव्याध असेल म्हणून सर्जरी. ज्यानं त्यानं आपल्यापुरतं तपासलं आणि आपल्याकडचं काही नाही म्हणून पुढं पाठवलं. कुणी वाईट वागलं नाही, हे मुद्दाम लिहिते. डॉक्टरांच्या टेबलावरचा केसपेपरचा गठ्ठा मी पाहिला आहे. पण जिथं दुखतं तिथं हात लावून कुणीच पाहिलं नाही. आणि पडद्याविना खोलीत, मागं रांग उभी असताना, पुरुष डॉक्टरांना नेमकी जागा सांगायला माझीही जीभ रेटत नव्हती. हे दुखणं बायकांत पुरुषांच्या साधारण पाचपट आढळतं, असं वैद्यकशास्त्र सांगतं. मग अशा किती जणी गप्प बसून सोसत असतील, याचा विचार करा.

शेवटी बचत गटातून कर्ज काढून पुण्याला खासगी वेदनातज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दोन एक्स-रे काढले, एक उभं करून आणि एक बसवून. बसल्यावर माकडहाड जागेवरून सरकत होतं. झोपवून काढलेल्या फोटोत ते दिसणार तरी कसं? दुखणं इतकं लांबलं असेल तर गाठ किंवा जंतुसंसर्ग नाही ना, याचीही खात्री करावी लागते. त्यांनी तीही केली. मग महिला फिजिओथेरपिस्टनं ओटीपोटाच्या तळाचे आखडलेले स्नायू सैल करायला शिकवलं. गोल भोकाची उशी बंद करून मागच्या बाजूनं खाच असलेली, उतरती उशी घ्यायला सांगितली. ती मी फोम आणून स्वतःच कापली, वर खादीचा अभ्रा शिवला. माकडहाड खाचेत अधांतरी राहतं, भार मांड्यांवर येतो. तरीही कळ उरली, तेव्हा सी-आर्मवर, म्हणजे एक्स-रेचं चित्र तिथल्या तिथं पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर बघत माकडहाडासमोरच्या चेतागाठीत, म्हणजे नसांच्या जुडग्यात, इंजेक्शन दिलं. हाड काढण्याचं ऑपरेशन हा अगदी शेवटचा उपाय, आणि तो फार थोड्यांना लागतो, असं त्यांनी समजावलं. आज दुखणं पुरतं गेलेलं नाही, पण मी पुन्हा मशीनवर बसते.

साहेब, यातलं सरकारला न परवडणारं काय आहे? बसवून एक्स-रे काढायला नवं यंत्र लागत नाही. हाडांच्या ऑपरेशनसाठी बहुतेक जिल्हा रुग्णालयांत सी-आर्म असतं, भूलतज्ज्ञ असतात. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेल्या भूलतज्ज्ञांची ओपीडी आठवड्यातून एक दिवस लावा. त्या दिवशी महिला फिजिओथेरपिस्ट आणि पडदा असलेली खोली एवढं असू द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, त्याचा आम्हाला मोठाच आधार आहे. पण जो उपचार तिथं होतच नाही, त्यासाठी शेवटी कर्जच काढावं लागतं.

वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आपल्याकडे नाहीत, वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, हे मला माहीत आहे. मोठे तज्ज्ञ तिथं असतात. म्हणून ग्रामीण रुग्णालयातून निघालेली चिठ्ठी तिथल्या ठरलेल्या विभागात, ठरलेल्या वारी चालेल, असं दोन्ही खात्यांनी मिळून ठरवावं. बाई आजारी असताना तिनंच खाती शोधत फिरायचं, हे बरोबर नाही.

आणखी एक. रुग्णालयात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. अंगावरून जाणं, ताप, बाळाचं वजन, सगळं विचारतात. त्यांच्यावर आधीच कामाचा बोजा आहे, म्हणून एकच प्रश्न वाढवायला सांगते: ‘बसताना दुखतं का?’ माझी आशाताई माझ्या घरात, माझ्या खाटेजवळ बसायची. तिला मी नक्की सांगितलं असतं.

सगळ्या राज्यात एकदम होणार नाही, हे कळतं. माणदेश ज्या जिल्ह्यांत येतो, त्यांपैकी कोणत्याही एका जिल्ह्यात सुरुवात करा, रुग्णालय आणि वार जाहीर करा. गावोगाव निरोप पोचवायचं काम आमच्या बचत गटाच्या बायका करतील.

आपली,
माणदेशातील एक शिवणकाम करणारी महिला