दहा नव्हे, एकच कादंबरी

ॲमस्टेलवीन

प्रिय अविनाश,

मराठीत आणण्याजोग्या दहा डच कादंबऱ्यांची यादी तू मागितलीस. यादीच हवी असेल तर ती आयतीच मिळेल. इथला ‘नेदरलँड्स लेटरेनफोंड्स’ हा सरकारी पैशावर चालणारा साहित्य निधी परदेशी प्रकाशकांसाठी निवडक पुस्तकांची माहिती इंग्रजीत काढतो आणि अनुवादकाच्या मानधनाला हातभारही लावतो. पण त्या माहितीत प्रत्येक पुस्तक थोरच असतं. स्थळ सुचवणारा मुलाचा तापटपणा कशाला सांगेल? म्हणून मी एकच पुस्तक सांगतो.

डच पुस्तक जगात जायचं ते बहुधा जर्मनीच्या दारातून. 1991 साली मार्सेल राइश-रानित्स्की या समीक्षकानं जर्मन टीव्हीवर सेस नोटेबोम या डच लेखकाच्या एका छोट्या कादंबरीची तोंड भरून स्तुती केली, आणि तिथं नोटेबोमचं नाव झालं. 1993 मध्ये फ्रँकफुर्ट ग्रंथमेळ्यात नेदरलँड्स आणि फ्लँडर्स (बेल्जियमचा डच बोलणारा भाग) सन्माननीय पाहुणे होते, त्यानं दार आणखी उघडलं. जर्मनीत गाजलं ते मराठीत चालेलच असं मात्र नाही.

तुझ्या डोक्यात मारीके लुकास रायनेव्हेल्टची ‘द डिस्कम्फर्ट ऑफ इव्हनिंग’ ही कादंबरी असणार, 2020 चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालंय ना! पुस्तक जबरदस्त आहे. भाऊ बर्फाखाली बुडून गेल्यावर अंगातला कोट न काढणारी मुलगी विसरता येत नाही. पण त्यातला कर्मठ प्रोटेस्टंट धर्म पानापानांत मुरलेला आहे. त्याला तळटीपा द्याव्या लागतील, आणि तळटीपांनी ती कादंबरी मरेल.

माझं मत खेरब्रांट बाकरच्या ‘बोव्हन इज हेट स्टिल’ला. मूळ पुस्तक 2006 चं. डेव्हिड कोल्मरच्या ‘द ट्विन’ या इंग्रजी अनुवादाला 2010 मध्ये डब्लिनचा एक लाख युरोंचा पुरस्कार मिळाला. त्यातले पंचवीस हजार अनुवादकाचे, हे तुझ्या अनुवादकांना मुद्दाम सांग! ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला पाणथळ कुरणांत हेल्मर एकटा गाई सांभाळतो. म्हाताऱ्या बापाला त्यानं उचलून वरच्या खोलीत नेऊन टाकलंय. शेत खरं जुळ्या भावाचं, हेंकचं व्हायचं होतं. बापाचा लाडका तोच. तो अपघातात गेला आणि हेल्मरला शिक्षण सोडून गोठ्यात यावं लागलं. पुढं हेंकची वाग्दत्त वधू आपल्या मुलाला हेल्मरकडे कामाला धाडते. त्या मुलाचंही नाव हेंक!

रडारड कुठंच नाही. धार काढणं, मेंढ्या, दोन गाढवं, बापाची कुरकुर, एवढ्यावरच सगळा राग उभा आहे. भावाच्या वाटणीचं आयुष्य जगावं लागलेला माणूस आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. शेवटाकडे कथा जरा रेंगाळते, तेवढं सोसायचं.

हक्कांसाठी ॲमस्टरडॅमच्या कोसे प्रकाशनाला लिही. निधीकडे अर्ज छपाईच्या आधी करायचा असतो, पुस्तक निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. डचमधून थेट मराठी करणारं कुणी न मिळाल्यास कोल्मरच्या इंग्रजीवरून करून घे. मसुदा मात्र आधी माझ्याकडे धाड, मूळ समोर ठेवून ओळ न् ओळ पडताळून देतो. गाढवांच्या प्रकरणाचं मराठी कुणाकडून करून घेणार, ते आधी कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास